डाव्या कानाची तक्रार

प्रिय धाकट्या,

पाकिटावर तुझं घरचं नाव नाही म्हणून पत्र चुकून तुझ्याकडे आलं असं समजू नकोस. ऑर्डरच्या फॉर्मवर तू जे नाव लिहिलंस तेच मी घातलंय, कारण तुझ्या दारावर तीच पाटी असणार. पत्ताही कारखान्याच्या फायलीतूनच उतरवून घेतला. ग्राहकाचा पत्ता खाजगी कामाला वापरायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे. इतकी वर्षं मी तो पाळला. मालकांना कळलं तर काय होईल ते नंतर बघेन.

मी काय काम करते ते तुला माहीत आहे. तू घर सोडलंस तेव्हा मी ते शिकतच होते. लोक आपल्या जवळच्या कानाच्या दवाखान्यात जातात, कानात मऊ सिलिकॉन भरून घेतात, ते घट्ट झालं की बाहेर काढून डबीत घालून आमच्याकडे पाठवतात. त्या ठशावरून मी इयरफोनचं कवच बनवते, तासते, घासते. आतले स्पीकर आमच्याकडचा एक जण बसवतो. त्याला आम्ही काटा म्हणतो, कारण मीटरचा काटा हलल्याशिवाय तो कशावरच विश्वास ठेवत नाही. त्याच्या बायकोने म्हणे एकदा आमटीत मीठ जास्त झालंय का विचारलं, तर हा म्हणाला, मोजून सांगतो. असा माणूस शेजारच्या टेबलावर असला की आपणही हळूहळू तसेच होतो. तशी मी आधीपासूनच संशयी आहे. कुलूप लावून चार पायऱ्या उतरले की परत वर जाऊन ओढून बघते. ते तुला आठवत असेल.

तर या वर्षाच्या सुरुवातीला तुझी पहिली ऑर्डर आली. आत एकच मोठा स्पीकर असलेला इयरफोन, काळं कवच. फॉर्मवर व्यवसाय लिहिला होता ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग. असे लोक आमच्याकडे बरेच येतात आणि ते चिकित्सक असतात, त्यात नवल नव्हतं. माल गेला, आणि तीन आठवड्यांनी टाइप केलेलं पानभर टिपण आलं. कवचाबद्दल तक्रार नाही, सलग चार तास घातलं तरी कान दुखत नाहीत, चष्म्याची दांडी लागत नाही. आवाज छान, गाणारा समोर खुर्ची ओढून बसल्यासारखा वाटतो. फक्त डाव्या बाजूला खालचे सूर कमी पडतात.

आता हे वाक्य माझ्यासाठी काय असतं ते सांगते. इयरफोन कानात नीट बसला नाही, केसाएवढी फट राहिली, तर पहिल्यांदा बेस जातो. वरचे सूर राहतात, खालचे पळून जातात. म्हणजे डाव्या बाजूचा बेस कमी असं ग्राहक म्हणाला की त्याचा अर्थ एकच, कवच करणारीने हात राखून काम केलं. मी ते परत मागवलं. भिंगाखाली बघितलं. ठशाशी ताडून बघितलं. कुठे काही नव्हतं. तरी माझंच चुकलं असेल म्हणून नवा ठसा मागवला, आणि दवाखान्याला चिठ्ठी दिली की दातांत ठोकळा धरून, तोंड उघडं ठेवून घ्या, म्हणजे जबडा हलला तरी फट पडणार नाही. नवं कवच केलं. उत्तर आलं, आधीपेक्षाही आरामदायक, पण डावीकडे चेलोचा खर्ज पातळ वाजतो.

हे टिपण मालकांनी वाचलं आणि म्हणाले की लक्षणं ठीक नाहीत. गेल्या वर्षी एका माणसाने अशीच एकामागून एक तक्रार करत आमच्याकडून तीन जोड घेतले होते आणि नंतर हुबेहूब तसंच कवच दुसरीकडे विकायला आलं. त्यामुळे ते ताकही फुंकून पीत होते. तेवढ्यात तुझी दुसरी ऑर्डर आली, बारीक बारीक स्पीकर असलेल्या पारदर्शक मॉडेलची. दीड महिन्याने तिसरी, दोन्ही प्रकार एकत्र असलेली, निळसर. ज्याला पहिल्यातच खोट दिसली तो माणूस दुसरा आणि तिसरा घेतो कशाला? मालक म्हणाले, "हा माल विकत घेत नाहीये, आपली परीक्षा घेतोय." मला ते शंभर टक्के पटलं. त्या दिवसापासून तुझ्या फायलीवर मी लाल पट्टी लावली आणि तुझं प्रत्येक टिपण पोलिसाच्या नजरेने वाचायला लागले.

टिपणं मात्र फार चांगली होती, हे कबूल करते. पारदर्शकमध्ये प्रत्येक वाद्य वेगळं उभं राहतं, पण उन्हात पांढऱ्या भिंतीकडे बघितल्यासारखं होतं, तासाभराने थकायला होतं. निळसरमध्ये ढोल पोटात वाजतो आणि तरी मागचा श्वाससुद्धा ऐकू येतो, पण कवच जाड असल्याने कुशीवर आडवं होता येत नाही. काळाच सगळ्यात आवडता, कारण त्यात काही लपत नाही आणि काही मिरवतही नाही. काटा म्हणाला, याला कान आहे. आणि तिन्हींच्या शेवटी तेच एक वाक्य. डावीकडे पातळ.

जाडा आवाज आणि पातळ आवाज. मी या कामात आल्यापासून शेकडो लोकांची टिपणं वाचली आहेत. लोक भरीव म्हणतात, पोकळ म्हणतात, बोथट म्हणतात. आवाजाला जाडा आणि पातळ म्हणणारं मी आयुष्यात एकच माणूस बघितलं होतं. पंखा आज जाडा वाजतोय, बाबांची सायकल पातळ झालीय, तेल घाला, असं पाचव्या वर्षी सांगणारं. तरी मी मनाला म्हटलं, उगाच काहीतरी. जगात आणखी कोणी म्हणत नसेल कशावरून?

मग मी डबीतून तुझे ठसे परत काढले. आतापर्यंत ते मी मोजण्यासाठी बघितले होते. या वेळी नुसते हातात धरले. शिकत असताना सरावाला कान मिळत नसत, म्हणून मी तुला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवायचे. तू हसायचास आणि ठसा फाटायचा. अकरा वेळा तुझे ठसे घेतले असतील मी. उजव्या कानाच्या नळीचं दुसरं वळण एकदम मागे जातं, जिना चढता चढता कोणी हाक मारल्यावर माणूस वळतो तसं. डाव्या कानाच्या वाटीत एक बारीक उंचवटा आहे, माझा अंगठा नेमका तिथे बसतो. धाकट्या, मी तुझा चेहरा चौदा वर्षांत बघितला नाही, पण तुझे दोन्ही कान माझ्या तळहातावर होते. काट्याने विचारलं काय झालं. मी म्हटलं, सिलिकॉनचा वास चढला.

तुला वाटेल की मला आनंद झाला असेल. खरं सांगू का, पहिल्यांदा रागच आला, आणि त्याच्या मागोमाग नवा संशय. आमच्या प्रत्येक डबीत कवच करणाऱ्याच्या सहीचं कार्ड असतं. म्हणजे पहिल्या डबीतच तुला माझी सही दिसली असणार. दुसऱ्या ऑर्डरच्या शेऱ्यात तू लिहिलंस की कवचाचं काम आधीच्याच कारागिराकडे द्यावं. ते कौतुक होतं की आणखी काही? मी तुला वर्षानुवर्षं शोधत होते आणि तू मला टाइप केलेल्या कागदावर, दुसऱ्याच नावाने, माझ्याच कामातल्या चुका कळवत होतास. मला वाटलं, हा सूड घेतोय. मला परत परत तेच करायला लावतोय, कारण त्याला माहीत आहे की ताई एकदा कमी पडली होती. डावीकडे कमी ऐकू येतं, ही तक्रार तू मुद्दामच निवडलीस असं मला वाटलं.

ते तसं का वाटलं ते लिहिणं मला अवघड आहे, पण आता टाळत नाही.

बाबा छापखान्यात मशीनवर होते ते तुला आठवतं. तिथल्या धडधडाटात त्यांना सगळ्यांचं बोलणं ऐकू यायचं, आणि घरी शांततेत मात्र तीनदा हाक मारावी लागायची. आई होती तेव्हा म्हणायची, यांचे कान सोयीचे आहेत. आपणही तेच धरून चाललो. ते दर दोन वाक्यांनंतर विचारायचे, काय कुजबुजताय? माझ्याबद्दल बोलताय का? आई गेल्यावर तर ते फारच वाढलं. जेवताना तू त्यांच्या डावीकडे बसायचास, मी उजवीकडे. आणि माझ्या एक लक्षात आलं होतं, जे मी कधी बोलले नाही. तुला परवानगी नको असायची पण विचारल्याचं पुण्य हवं असायचं, तेव्हा तू डावीकडून हळूच विचारायचास. ते काही म्हणायचे नाहीत. मग तू निघून जायचास, आणि नंतर म्हणायचास, मी सांगितलं होतं. मला त्याची गंमत वाटायची.

फोरमनच्या जागेसाठी बाबांची मुलाखत होती, तिच्या आदल्या दिवशी छापखान्यातून फोन आला, तो तू घेतलास. अकराऐवजी नऊला बोलावलंय. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. मी आतल्या खोलीत इस्त्री करत होते, दार उघडं होतं. दुसऱ्या दिवशी ते अकराला गेले तेव्हा जागा भरली होती. घरी आले, बूटही काढले नाहीत, आणि तुला म्हणाले की तू निरोप लपवलास. त्याच आठवड्यात तुमचं कॉलेज सोडण्यावरून वाजलं होतं, म्हणून तू दावा साधलास असं त्यांना वाटलं. तू म्हणालास, मी सांगितलं, ताईला विचारा. बाबांनी माझ्याकडे बघितलं. तूही बघितलंस. आणि मी म्हटलं, "मला नाही ऐकू आलं."

मी ऐकलं होतं. शब्द न् शब्द ऐकला होता. बाबा, उद्या अकराऐवजी नऊला, असं तू म्हणालास. पण आवाज नेहमीच्या परवानगीच्या वेळेसारखा होता, हळू, डावीकडून. मला वाटलं, सांगितलं खरं, पण ऐकू जाऊ नये असंच सांगितलं. म्हणजे बाबांना तुझा संशय होता आणि मलाही होता, फक्त वेगळा. त्या संशयापोटी मी तुझा एकुलता एक साक्षीदार नाहीसा केला. आठ दिवसांनी तू गेलास. नंतर कित्येकदा मनात आलं की तुझा आवाजच तसा हळू होता. तुझी खुर्चीच डावीकडे होती, ती तू निवडली नव्हतीस, आईने तुला लहानपणी तिथे बसवलं होतं. पण तोपर्यंत कोणाला सांगणार?

असो. तुझ्या टिपणांकडे परत येते. सूड असेल तर सिद्ध करावं म्हणून मी एक युक्ती केली, आणि ती तुला आता सांगणं भाग आहे. तुला आम्ही नमुना म्हणून एक तयार जोडी पाठवली, आठवतं? मऊ टोपीची, सरळ नळीसारखी, कुठल्याही कानात बसेल अशी. तू कळवलंस, डावीकडे पातळ. आम्ही ती परत मागवली आणि दुरुस्त केली म्हणून पुन्हा पाठवली. दुरुस्त काही केलं नव्हतं. काट्याने कृत्रिम कानावर लावून दोन्ही बाजू मोजल्या, दोन्ही रेषा एकमेकींवर बसत होत्या. मी फक्त डावं-उजवं दाखवणारा लाल आणि निळा ठिपका खरवडून त्यांची अदलाबदल केली. डावा आता उजवा होता. दोष इयरफोनमध्ये असता तर तक्रार उजवीकडे गेली असती. तू खोटं बोलत असतास तर, मला वाटलं होतं, कधीतरी घसरशील, काहीतरी विसंगत लिहिशील. मी वाटच बघत होते तुला पकडायची.

तुझं उत्तर गेल्या मंगळवारी आलं. डावीकडे अजून पातळ, वर बारीक शिट्टीसारखा आवाज राहतो, तो बहुधा वायरचा असावा. आणि शेवटी एक ओळ, जी तू सहज लिहिली असशील. की बसमध्ये, गर्दीच्या गोंगाटात, डावी बाजू उलट बरी वाटते.

मी ते पान काट्याच्या टेबलावर ठेवलं आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. गोंगाटात बरं ऐकू येणारा माणूस मी पाहिला होता. त्याच्यासोबत वाढले होते.

पाच वर्षांपूर्वी मी बाबांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. तेव्हा दोन्ही कान बरेच गेले होते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कानातलं सगळ्यात लहान हाड हलायला हवं, ते काही जणांचं हळूहळू जखडतं. बहुतेक वेळा सुरुवात एका कानातून होते, बाबांच्या बाबतीत डाव्यातून, तिशीच्या आसपास, आणि खालचे सूर आधी जातात. शांततेत कमी, गोंगाटात बरं. आणि ते घराण्यात चालतं. डॉक्टर म्हणाले, हे पस्तिशीत आले असते तर छोट्या ऑपरेशनने बरंच काम झालं असतं.  घरी आल्यावर रिक्षातून उतरताना बाबांनी मला विचारलं, "त्या दिवशी तो बोलला होता का गं?" आणि मी, धाकट्या, दुसऱ्यांदा म्हटलं, मला आठवत नाही.

परवा रविवारी दुपारी मी त्यांच्यासमोर बसले. आता ऐकायचं यंत्र लावतात ते, पण मी उजवीकडेच बसले. सगळं सांगितलं. तुझ्या ऑर्डरी, ठसे, ठिपक्यांची अदलाबदल, आणि शेवटी इस्त्रीची ती संध्याकाळ. म्हटलं, तो बोलला होता, मी ऐकलं होतं. त्यांनी यंत्र काढून टेबलावर ठेवलं. मला वाटलं, आता यांना काही ऐकायचंच नाही. त्यांनी चष्मा पुसला. मग यंत्र परत लावलं आणि विचारलं की तू मिक्सिंग करतोस म्हणजे नेमकं काय करतोस. मी सांगितलं, जमेल तसं. ते म्हणाले, म्हणजे दोन्ही कान लागत असतील.

मी त्यांना विचारलं की पत्रात काय लिहू, घरी ये लिहू का, माफी लिहू का. ते म्हणाले, "बाकी काही मागू नकोस त्याच्याकडे. डॉक्टरकडे जा, एवढंच लिही. आणि नीट मोठ्या अक्षरात लिही." तेवढ्यासाठी हे पत्र आहे. बाकीचं सगळं मी माझ्या पदरचं घातलं. मी डॉक्टर नाही, माझा अंदाज चुकलेला असू शकतो, आणि तो चुकावा असंच मला वाटतं. पण तुझ्या इयरफोनमध्ये दोष नाही, माझ्या कवचात नाही, वायरमध्ये नाही. आणि तू खोटं बोलत नाहीयेस. हे मी मोजून सांगतेय. तेव्हा चौथी ऑर्डर देऊ नकोस. या आठवड्यातच कानाच्या डॉक्टरकडे जा, डाव्या कानाची पूर्ण तपासणी करून घे, आणि आपल्या वडिलांना हा त्रास आहे हे त्यांना पहिल्यांदा सांग. उत्तर मला पाठवलं नाहीस तरी चालेल. बाबांना पाठव. गेली कित्येक वर्षं रोज टपालाच्या वेळेला ते दाराशी येऊन उभे राहतात, आणि विचारलं की म्हणतात, पाय मोकळे करतोय.

तुझीच, सगळं ऐकू आलेली,
ताई